रोपलेल्या ऊतकाची जडणघडण आणि जनुकांचे संदेश

मनुष्याच्या हृदयाचे खालचे दोन कप्पे, म्हणजे दोन निलय, एकाच वेळी दोन निरनिराळी कामे करीत असतात. उजवा निलय सर्व शरीरातून परत आलेले निळसर रक्त फुप्फुसांकडे लोटतो आणि डावा निलय फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेले तांबडे रक्त शरीरभर पाठवितो. काही बालके मात्र एकच कार्यक्षम निलय घेऊन जन्माला येतात. त्या एका कप्प्यात दोन्ही रक्तांची मिसळ होते, बालकाचे ओठ व नखे निळी पडतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर त्याच्या जगण्याची आशा फार थोडी असते. फ्रान्समधील बोर्दो येथील शल्यविशारद फ्रान्सिस फोंतां यांनी १९६८ साली अशा विकारावर एक शस्त्रक्रिया केली व १९७१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या, परंतु तिचे मूळ सूत्र कायम राहिले. निळे रक्त निलयातून नेण्याचा प्रयत्न सोडून ते परस्पर फुप्फुसांच्या रोहिणीत सोडावयाचे आणि असलेला एकुलता एक निलय तांबड्या रक्तासाठी राखून ठेवावयाचा, हे ते सूत्र होय.

यासाठी शरीराच्या खालच्या भागातून रक्त आणणारी अधोमहानीला आणि फुप्फुसांची रोहिणी यांच्या दरम्यान एक नळी बसवावी लागते. ही नळी बहुधा कृत्रिम बहुवारिकाची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, असते. ती टिकाऊ असते, पण तिच्यात एक उणीव आहे आणि ती दूर करणे कोणत्याही कारखान्याच्या आवाक्यातील गोष्ट नाही. मूल वाढते; नळी वाढत नाही.

टोकियो येथील महिला वैद्यकीय विद्यापीठात तोशिहारू शिनोका व त्यांचे सहकारी यांनी या उणिवेवर जो उपाय योजला, तो त्या काळी धाडसी वाटावा असाच होता. १९९९ च्या मे महिन्यात त्यांनी चार वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुस-रोहिणीचा बंद पडलेला भाग काढून त्या जागी नवी नळी बसविली. ही नळी शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या बहुवारिकांची होती. त्याच मुलीच्या एका लहानशा नीलेतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या नळीवर पेरलेल्या होत्या. नळी विरघळेल, पेशी उरतील, वाढतील आणि त्यांची जिवंत रक्तवाहिनी बनेल, अशी ही कल्पना होती. पुढच्या रुग्णांसाठी नीलेतील पेशींऐवजी अस्थिमज्जेतील पेशी वापरण्यात आल्या. त्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच काढून नळीवर पेरता येत, त्यामुळे आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याचे कारण उरले नाही. २५ बालकांना व तरुण रुग्णांना अशा नळ्या बसविण्यात आल्या. २०१० साली त्यांचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी सुमारे ५.८ वर्षांच्या अवधीत नळीमुळे एकही मृत्यू झाला नसल्याचे नमूद केले आहे. चार रुग्णांत नळी अरुंद झाली होती व तिच्यावर उपचार करावे लागले होते.

उपाय चालला, हे उघड होते. तो का चालला, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. बालकाच्या छातीतील नळी बाहेर काढून तपासता येत नाही. ध्वनितरंगांनी किंवा क्ष-किरणांनी तिचा व्यास कळतो, रक्ताचा वेग कळतो. परंतु तिच्या भिंतीत कोणत्या पेशी आहेत, त्या कोठून आल्या आणि कोणत्या उद्योगात आहेत, हे कळत नाही. ज्या चार जणांची नळी अरुंद झाली, त्यांच्या बाबतीत काय बिघडले, हेही कळत नाही. या प्रश्नांचा माग काढण्यासाठी संशोधकांना प्राण्यांकडे वळावे लागले, आणि प्राण्यांच्या शरीरातून बाहेर काढलेल्या नळीला बोलते करण्यासाठी जनुकांच्या अभिव्यक्तीचे विश्लेषण हे साधन हाती घ्यावे लागले.

नक्कल आणि मूळ कागद

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. प्रथिने बनविण्याच्या सूचना असलेली सुमारे २०,००० जनुके मनुष्याच्या प्रत्येक पेशीकेंद्रात आहेत. ती यकृताच्या पेशीत आहेत, तशीच ती त्वचेच्या पेशीतही आहेत. म्हणून एखाद्या पेशीत अमुक जनुक आहे असे म्हटल्याने त्या पेशीविषयी काहीच सांगितले जात नाही. त्या जनुकाचा उपयोग केला जात आहे की नाही, हे महत्त्वाचे असते.

जुन्या दप्तरखान्याची पद्धत येथे आठवावी. मूळ कागद दप्तरखान्याबाहेर जात नाही. कोणाला काम पडले तर त्या कागदाची नक्कल काढली जाते व ती बाहेर पाठविली जाते. पेशीतही असेच घडते. डीएनए हे मूळ दप्तर होय. ते केंद्रातच राहते. एखादे प्रथिन हवे असेल तेव्हा त्या जनुकाची नक्कल आरएनए या दुसऱ्या रेणूच्या रूपाने काढली जाते. हा संदेशवाही आरएनए केंद्राबाहेर येतो आणि त्याच्या बरहुकूम प्रथिन तयार होते. नकला थोडा काळ टिकतात आणि नष्ट होतात. गरज असेल तर नव्या काढल्या जातात. तेव्हा एखाद्या क्षणी पेशीत कोणकोणत्या नकला किती संख्येने आहेत हे मोजता आले, तर ती पेशी त्या क्षणी कोणत्या कामात गुंतली आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो. जनुकांच्या अभिव्यक्तीचे विश्लेषण म्हणतात ते यालाच.

सूक्ष्मदर्शकाने पेशीचा आकार दिसतो, ऊतकाची ठेवण दिसते. (ऊतक म्हणजे एका विशिष्ट कामासाठी एकत्र आलेल्या पेशी आणि त्यांनी आपल्याभोवती विणलेले द्रव्य.) परंतु दोन पेशी दिसावयास सारख्या आणि उद्योगाने अगदी भिन्न असू शकतात. सूक्ष्मदर्शक आणि आरएनएची मोजणी ही एकमेकांची जागा घेणारी साधने नाहीत. एकाने पाहिलेले दुसऱ्याकडून तपासून घ्यावे लागते.

प्रत्यक्ष काम असे चालते. रोपलेले ऊतक बाहेर काढताच ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवितात किंवा एखाद्या संरक्षक द्रावणात बुडवितात. आरएनए हा फार नाजूक रेणू आहे. त्याचे तुकडे करणारी एन्झाइमे प्रत्येक ऊतकात, इतकेच नव्हे तर संशोधकाच्या बोटांवरही असतात. त्यामुळे हातमोजे न घालता केलेले काम बहुधा फुकट जाते. त्यानंतर ऊतक वाटून त्यातून आरएनए वेगळा करतात आणि त्याचे डीएनएमध्ये रूपांतर करतात. हे उलटे रूपांतर शक्य आहे हे १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. तोपर्यंत डीएनएपासून आरएनए बनतो, त्याच्या उलट नव्हे, अशीच सर्वांची समजूत होती. १९७५ मध्ये दोघांनाही नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचलेल्या साखळी-अभिक्रियेने पुढचे पाऊल टाकले. हवा तो डीएनएचा तुकडा या अभिक्रियेत प्रत्येक आवर्तनात दुप्पट होतो. दहा आवर्तनांत एकाचे सुमारे हजार होतात. दुपटीचा हा हिशेब चालू असतानाच रंगीत प्रकाशाच्या साहाय्याने त्याच्यावर नजर ठेवली, तर कोणता नमुना ठराविक रेषा कितव्या आवर्तनात ओलांडतो हे कळते. एक नमुना २२ व्या आवर्तनात आणि दुसरा २५ व्या आवर्तनात ती रेषा ओलांडीत असेल, तर पहिल्यात मूळ नकला सुमारे आठपट होत्या असा अर्थ होतो.

या रीतीने एका वेळी थोडी जनुके तपासता येतात, आणि ती कोणती हे आधी ठरवावे लागते. १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काचेच्या पट्टीवर अनेक जनुकांचे ठिपके लावून त्या सर्वांची अभिव्यक्ती एकदम पाहण्याची युक्ती निघाली. पुढे नमुन्यातील सगळ्या आरएनएचे सरसकट वाचन करण्याची यंत्रे आली, आणि २००९ पासून एकेका पेशीतील आरएनए वेगळा वाचणेही शक्य झाले. साधने बदलत गेली, तरी विचारावयाचा प्रश्न नीट ठरविल्याखेरीज त्यांचा उपयोग नाही, हे बदललेले नाही.

कूर्चेचा धडा

प्रश्न नीट ठरविण्याचे महत्त्व रक्तवाहिनीपेक्षा कूर्चेच्या उदाहरणावरून अधिक लवकर पटते. कूर्चा म्हणजे सांध्यांच्या टोकांवरचे, नाकाच्या शेंड्यातील व कानाच्या पंख्यातील चिवट, लवचिक ऊतक. १९९७ साली एका उंदराचे छायाचित्र जगभर गाजले. त्याच्या पाठीवर मानवी कानाच्या आकाराची कूर्चा उगवलेली दिसत होती. चार्ल्स व्हॅकँटी, यिलिन काओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या आकाराचा विरघळणारा सांगाडा घेऊन त्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या होत्या आणि तो प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या त्वचेखाली बसविला होता. अनेकांनी याला जनुकांतील फेरफार समजून निषेध केला. वास्तविक तेथे कोणत्याही जनुकाला हात लावलेला नव्हता.

त्या छायाचित्रातून आकार दिसतो. ऊतक खरोखर कूर्चा आहे की नाही, हे आकारावरून ठरत नाही. सांध्याच्या कूर्चेत मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असते. जखमेचा वण किंवा स्नायुबंध यांत मुख्यतः पहिल्या प्रकारचे असते. कूर्चेतून काढलेल्या पेशी काचेच्या तबकडीत पसरवून वाढविल्या की त्या चपट्या होतात आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे संदेश काढणे सोडून पहिल्या प्रकारचे काढू लागतात. थोडक्यात, त्या आपला पिढीजात धंदा विसरतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी दाखविले की, अशा पेशी अगारोजच्या मऊ जेलीत ठेवल्या, म्हणजे त्यांना पुन्हा गोल राहता आले, तर त्या जुन्या धंद्यावर परत येतात. तेव्हापासून या दोन कोलॅजेनांच्या संदेशांचे परस्पर प्रमाण ही कूर्चा तयार करणाऱ्यांची जणू कसोटीची काडी होऊन बसली.

परंतु तीही पुरेशी ठरली नाही. अस्थिमज्जेतील मूलपेशींना योग्य रसायने दिली तर त्या प्रयोगशाळेत कूर्चा बनवितात आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे भरपूर संदेश दाखवितात. त्याबरोबरच दहाव्या प्रकारच्या कोलॅजेनचे संदेशही त्या काढू लागतात. हे कोलॅजेन सांध्याच्या टिकाऊ कूर्चेच्या पेशींचे वैशिष्ट्य नव्हे. ज्या कूर्चेचे पुढे हाड व्हावयाचे असते, तिच्यातील फुगलेल्या पेशींचे ते लक्षण आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २००६ मध्ये अशी कूर्चा उंदरांच्या त्वचेखाली रोपली. ती टिकली नाही. तिच्यात चुना साठला आणि रक्तवाहिन्या शिरल्या. तबकडीत असतानाच दहाव्या कोलॅजेनचा संदेश ही पूर्वसूचना देत होता. केवळ दुसऱ्या कोलॅजेनचीच चौकशी करणाऱ्याला मात्र ती ऐकू आली नसती.

ऊतक कोणाचे?

आता पुन्हा रक्तवाहिनीकडे वळू. शिनोका यांच्या नळीवर पेरलेल्या पेशींचेच रूपांतर नव्या रक्तवाहिनीच्या पेशींत होते, असा सर्वांचा सहज समज होता. बी पेरले की त्याचेच रोप उगवते, तसे. अमेरिकेतील येल विद्यापीठात ख्रिस्तोफर ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज तपासून पाहिला. त्यांनी एक मिलिमीटरहूनही बारीक व्यासाच्या विरघळणाऱ्या नळ्या तयार केल्या, त्यांच्यावर मनुष्याच्या अस्थिमज्जेतील पेशी पेरल्या आणि त्या उंदरांच्या अधोमहानीलेत जोडल्या. उंदीर अशा जातीचे निवडले होते की ज्यांच्या शरीरात परक्या पेशींना ओळखून हुसकावून लावणारी प्रतिकारयंत्रणा नसते. तरीही जखमेकडे प्रथम धाव घेणाऱ्या भक्षक पेशी त्यांच्यात असतात.

मनुष्याच्या पेशी उंदरात घालण्यात एक मोठी सोय होती. मनुष्य आणि उंदीर यांची जनुके पुष्कळशी सारखी असली, तरी त्यांच्या अक्षरांत जागोजागी फरक असतो. फक्त मानवी नकलेलाच चिकटेल असा शोधक तुकडा तयार करता येतो, आणि फक्त मानवी प्रथिनालाच चिकटणारे रंगद्रव्यही मिळते. त्यामुळे बाहेर काढलेल्या नळीत काय चालले आहे, या प्रश्नाबरोबरच ते कोणाचे काम आहे, या प्रश्नाचेही उत्तर मिळू शकते.

उत्तर अनपेक्षित निघाले. पेरलेल्या मानवी पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा झाल्या. २४ आठवड्यांनी मात्र नळीच्या जागी आतून अंतःस्तर पेशींचे अस्तर आणि त्याबाहेर अनैच्छिक स्नायूंच्या पेशींचा थर असलेली, उंदराच्या मूळ नीलेसारखी रक्तवाहिनी तयार झालेली होती. ती संपूर्णपणे उंदराची होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने बी आणि रोप ही उपमाच बाद केली.

मग पेशी पेरावयाच्याच कशाला? न पेरलेल्या नळ्या अधिक वेळा अरुंद होत, ही गोष्ट तर खरीच होती. पेरलेल्या पेशी काय करीत होत्या याचा शोध घेता असे आढळले की, त्या एका विशिष्ट प्रथिनाचा स्राव करतात आणि ते प्रथिन रक्तातील एककेंद्रकी भक्षक पेशींना बोलावून घेते. संशोधकांनी मग पेशी अजिबात न घालता नळीच्या भिंतीत तेच प्रथिन हळूहळू सोडणारे सूक्ष्म कण बसविले, आणि पेरलेल्या नळीसारखाच परिणाम मिळाला. पेरलेल्या पेशी रक्तवाहिनीचे गवंडी नव्हत्या. त्या गवंड्यांना बोलावणे धाडून निघून जात होत्या.

ज्या पेशींना बोलावणे जाई, त्यांच्याही वागण्याचा पुढे कसून अभ्यास झाला. उंदरांतील भक्षक पेशी औषधाने किंवा जनुकीय युक्तीने नष्ट केल्या तर नळी अरुंद होत नाही, असे २०११ मध्ये दिसून आले. पण त्याबरोबर नवी रक्तवाहिनीही तयार होत नाही. म्हणजे दाह, ज्याला वैद्य आजवर विघ्न समजत आले, तो येथे बांधकामाचा मुकादमच होता. आणि तोच मुकादम बेताल झाला तर नळी बुजवूनही टाकीत होता. नव्या भिंतीतील पेशी शेवटी येतात कोठून, याचाही शोध याच काळात लागला. नराच्या पेशींतील वाय गुणसूत्राची खूण वापरून मादी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, त्या अस्थिमज्जेतून येत नाहीत. शेजारच्या मूळ रक्तवाहिनीच्या भिंतीतून त्या नळीवर सरकत येतात.

मोजणीतील खाचखळगे

या सर्व वर्णनावरून आरएनए मोजला की सत्य हाती आले, असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही, आणि रोपलेल्या ऊतकाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

दोन नमुन्यांची तुलना करावयाची तर दोहोंतून सारखेच आरएनए घेतले आहे याची खात्री हवी. त्यासाठी नेहमी सारख्याच प्रमाणात काम करणारे एखादे जनुक प्रमाण म्हणून धरतात आणि बाकीच्यांची मापे त्याच्या पटीत देतात. ग्लुकोजचे विघटन करणाऱ्या जीएपीडीएच या एन्झाइमाचे जनुक यासाठी वर्षानुवर्षे वापरले गेले, कारण ते प्रत्येक पेशीत चालू असते. परंतु प्राणवायू कमी पडला की अनेक पेशींत या जनुकाच्या नकला वाढतात. रोपलेल्या ऊतकात रक्तवाहिन्या शिरेपर्यंत आतल्या भागाला प्राणवायूची ददातच असते; जवळच्या केशवाहिनीपासून सुमारे एकदोन दशांश मिलिमीटरपलीकडे तो पुरेसा पोहोचत नाही. म्हणजे जी मोजपट्टी स्थिर समजून संशोधक वापरतो, तीच नेमकी रोपणानंतरच्या पहिल्या दिवसांत ताणली जाते, आणि बाकी सर्व जनुके अकारण मंदावल्यासारखी दिसतात. २००९ मध्ये या मोजणीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. प्रमाण म्हणून धरलेले जनुक त्या प्रयोगात खरोखर स्थिर आहे हे आधी सिद्ध करावे, असा आग्रह त्यांत धरलेला आहे. त्यापूर्वी प्रसिद्ध झालेले पुष्कळ आकडे त्यामुळे जपूनच वाचले पाहिजेत.

दुसरी अडचण मिश्रणाची. बाहेर काढलेली नळी सगळी वाटून तिचा आरएनए काढला, तर जे मिळते ते भाजणीच्या पिठासारखे असते. त्यात ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद सगळे असतात. पण पीठ पाहून कोणता दाणा किती होता हे सांगणे कठीण. पहिल्या आठवड्यात नळी भक्षक पेशींनी गजबजलेली असते. चौथ्या आठवड्यात स्नायूंच्या आकुंचक प्रथिनाचे संदेश दुप्पट झाले, तर स्नायूपेशी अधिक कामाला लागल्या असे म्हणावयाचे, की स्नायूपेशी तेवढ्याच असून भक्षक पेशी निघून गेल्याने त्यांचा वाटा वाढला असे म्हणावयाचे? दोन्हींचे अर्थ अगदी वेगळे आहेत. एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचण्याची पद्धत या प्रश्नासाठी मोलाची ठरते. मात्र त्यासाठी ऊतकाच्या पेशी सुट्या कराव्या लागतात, आणि त्या खटाटोपात नाजूक पेशी मरतात व उरलेल्या पेशी धसक्याचे संदेश काढू लागतात. शिवाय कोणती पेशी कोणाच्या शेजारी होती, ही माहिती कायमची हरवते. ऊतकाचा पातळ छेद तसाच ठेवून जागच्या जागी आरएनए वाचण्याच्या पद्धती २०१६ पासून पुढे आल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

तिसरी गोष्ट नकलेच्या आणि वस्तूच्या फरकाची. रक्तवाहिनीला ताण सहन करून पुन्हा मूळ आकारावर येण्याची शक्ती इलॅस्टिन नावाच्या प्रथिनामुळे मिळते. मनुष्यात ते प्रामुख्याने जन्माच्या आधी आणि बालपणी तयार होते, आणि त्यानंतर कित्येक दशके टिकते. प्रौढाच्या महारोहिणीत इलॅस्टिनचे संदेश शोधू गेल्यास फारच थोडे सापडतील. पण तेथे इलॅस्टिन नाही असे कोण म्हणेल? उलट, रोपलेल्या नळीत इलॅस्टिनचे संदेश भरपूर सापडले, तरी त्या प्रथिनाचे धागे नीट विणले गेले आहेत आणि ते ताण सहन करतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी नळी ताणूनच पाहावी लागते.

या सर्वांवर आणखी एक मर्यादा आहे. प्रत्येक उंदीर एकाच क्षणाची साक्ष देतो. तीन दिवसांनी, एका आठवड्याने, सहा आठवड्यांनी अशी जी आलेखावरील वाढती किंवा उतरती रेषा दिसते, तिच्यावरचा प्रत्येक ठिपका वेगळ्या प्राण्यांचा असतो.

अरुंद झालेली नळी

हा सगळा अभ्यास केवळ जिज्ञासेपोटी चाललेला नव्हता. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाच्या संमतीने एक निलय असलेल्या बालकांवर या नळीची चाचणी सुरू झाली. पुढे ब्रूअर आणि शिनोका हे दोघेही ओहायो राज्यातील कोलंबस येथील बालरुग्णालयात काम करू लागले आणि चाचणीही तेथेच चालली. पहिल्या सहा महिन्यांतच नळी अरुंद होण्याचे प्रमाण चिंता वाटावी इतके मोठे निघाले. फुगा असलेली बारीक नळी आत सरकवून अरुंद भाग रुंद करण्याचा उपाय यशस्वी झाला. तरी प्रश्न उभा राहिलाच. नळीची कल्पनाच सदोष आहे काय? आणि नळी अरुंद झालेली दिसली, पण मूल खेळते-बागडते आहे, अशा वेळी वैद्याने काय करावे? फुग्याचा उपाय निर्धोक नसतो. काही न करणेही धोक्याचे असू शकते. आईबापांना यांपैकी एकाला संमती द्यावी लागते.

येथे प्राण्यांवरील प्रयोगांतून जमलेली माहिती उपयोगी पडली. दाह केव्हा चढतो व केव्हा ओसरतो, बहुवारिक किती वेगाने झिजते, त्याची जागा घेणारे कोलॅजेन किती वेगाने साठते व झडते, भिंतीवरील ताण पेशींना केव्हा जाणवू लागतो, अशा गोष्टींची सांगड घालून येल विद्यापीठातील जे हम्फ्री यांच्या गटाने गणिती प्रतिकृती तयार केली. संगणकावर चालविलेल्या या प्रतिकृतीने नळी लवकर अरुंद होईल हे तर दाखविलेच, पण त्यापुढे असेही सुचविले की ती पुन्हा आपोआप रुंद होईल. सुरुवातीला सांगाडा ताठ असल्यामुळे भिंतीतील पेशींना रक्ताच्या दाबाचा ताण कळत नाही. दाह चेतलेला असतो आणि ऊतक गरजेपेक्षा जास्त साठते. पुढे सांगाडा झिजतो, दाह ओसरतो, ताण जाणवू लागतो, आणि पेशी जादा ऊतक काढून टाकतात.

गणिताचे भाकीत ते गणिताचेच. म्हणून ते मेंढ्यांवर पडताळून पाहण्यात आले. त्यांच्या अधोमहानीलेत बसविलेल्या नळ्या अरुंद झाल्या आणि कोणताही उपाय न करता पुन्हा रुंद झाल्या. मेंढ्यांनी हा मधला काळ बहुधा विनातक्रार सोसला. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळी अरुंद झाली असूनही बालकाला काही त्रास नसेल, तर त्याच्यावर बारीक लक्ष ठेवून थांबणे हेच कदाचित योग्य ठरेल, असा त्यांचा अर्थ आहे. यातील ‘बारीक लक्ष ठेवून’ हे शब्द ‘थांबणे’ या शब्दाइतकेच महत्त्वाचे आहेत.

अरुंद होण्याचे मूळच काढता येईल काय, याचाही शोध चालू आहे. वण तयार करण्याच्या क्रियेत टीजीएफ-बीटा नावाचे संदेशवाहक प्रथिन अग्रभागी असते. उंदरांत त्याचे ग्राहक अडविणारे औषध दिले असता नळ्या अरुंद होण्याचे प्रमाण घटले आणि नवी रक्तवाहिनीही तयार झाली. भक्षक पेशी सरसकट मारून टाकण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच अधिक शहाणपणाचा आहे. सांगाड्याची रचनाच अशी करावी की सुरुवातीचा दाह मुळात बेताचाच राहील, ही दुसरी दिशा गणिती प्रतिकृतीने दाखविली आहे.

आणि नळी वाढते काय? ज्या प्रश्नापासून हे सारे सुरू झाले, त्याचे उत्तर वाढत्या वयाच्या कोकरांत शोधण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या अवधीत कोकरांबरोबर त्यांच्यातील रोपलेली नळीही वाढल्याचे दिसून आले. त्याच प्रयोगात आणखी एक बारीकशी नोंद आहे. भ्रूणामध्ये रक्तवाहिन्या घडत असताना कोणती रोहिणी व्हावयाची आणि कोणती नीला, याची खूण काही जनुकांच्या अभिव्यक्तीत दिसते; एफ-बी४ हे नीलेच्या खुणेचे जनुक होय. कोकरांच्या शरीरात नळीला अंतःस्तर पेशींचे अस्तर येत गेले, तसतशी ही खूण त्या अस्तरात उमटली. नळी नीलेच्या जागी बसविली होती, आणि तेथे आलेल्या पेशी नीलेच्या पेशींसारख्या वागू लागल्या होत्या.